बॉस्को मेस्त्रीची जर्मन गाडी

उत्तनशेजारच्या पालीच्या कोळीवाड्यात कुणी बॉस्को मेस्त्रीची थट्टा करायला गेलं, तर त्याचीच पंचाईत व्हायची. कारण बॉस्को ती थट्टा आधीच स्वतः करून मोकळा झालेला असायचा. डोक्यावरचे केस गेले तेव्हा चहाच्या टपरीवर टोपी काढून त्यानेच जाहीर केलं, "आजपासून साबण आणि शाम्पू एकच." आखातात टगबोटींच्या इंजिनरूममध्ये सव्वीस वर्षं काढून तो कायमचा परत आला, तेव्हा कुणी विचारायच्या आत सांगून टाकायचा, "साहेब म्हणून नव्हतो गेलो रे बाबा, ग्रीस पुसायला गेलो होतो. आता तेच काम बायको घरी करून घेते." त्याचं गणित सरळ होतं. आपल्यावर आपणच आधी हसून घ्यायचं, म्हणजे दुसऱ्यांना फार काही उरत नाही. फक्त एका गोष्टीवर तो कधी हसला नाही, आणि ती गोष्ट गावात कुणालाच माहीत नव्हती.

अशा या माणसाने एकोणसाठाव्या वर्षी गाडी घेतली. साधीसुधी नाही, तेरा वर्षं जुनी, काळी, लांबलचक जर्मन सेडान. त्याचं कारणही ऐकण्यासारखं आहे. आखातात जेट्टीवर कंपनीचा मोठा साहेब असल्या गाडीतून यायचा. तो उतरला की मागे दार लागायचं आणि आवाज यायचा, धप्. खणखणाट नाही, कुरकुर नाही, नुसतं धप्. बॉस्को तेलाने माखलेल्या कपड्यांत उभा राहून सव्वीस वर्षं तो धप् ऐकत आला होता. आता एवढ्या एका आवाजासाठी शहाणा माणूस अख्खी गाडी घेईल का? बॉस्कोने घेतली.

"नवीन छोटी घे ना," त्याची बायको कार्मिन म्हणत होती. "गॅरंटी तरी मिलते."

"छोट्या गाडीचं दार बिस्किटाच्या डब्यासारखं वाजतं," बॉस्को म्हणाला, आणि विषय संपला.

मिरा रोडला जुन्या गाड्या विकणारा जितेंद्र नावाचा दलाल होता. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "अंकल, डॉक्टर की गाडी है. सिंगल हँड. एकदम मक्खन." घरी आणल्यावर सीटखाली पानमसाल्याच्या पुड्या निघाल्या, डिकीत टाइल्सचे नमुने निघाले आणि पुढच्या कप्प्यात कुठल्याशा टॉवरच्या फ्लॅटचे नकाशे. बॉस्को टपरीवर सांगायचा, "मिरा रोडमध्ये जेवढ्या गाड्या डॉक्टरांच्या म्हणून विकतात ना, तेवढे डॉक्टर खरंच असते तर इथं कुणाला सर्दीसुद्धा झाली नसती." लोक हसायचे. लोकांच्या आधी तो हसायचा.

पण गाडी घेण्याआधी एक मोजमाप झालं होतं आणि सगळी गोची तिथेच झाली. पालीच्या बहुतेक गल्ल्या स्कूटरपुरत्या, त्याही समोरून दुसरी स्कूटर आली नाही तर. गाडी घरापर्यंत जाईल का, हे बघायला कार्मिनने टेप काढून दिली. पण दर्यावरचा माणूस टेप कशाला वापरेल? जाळं आणि दोर मोजतात तसे दोन्ही हात पसरायचे. एका हाताच्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंत एक वांव. जितेंद्रच्या आवारात बॉस्को गाडीच्या नाकासमोर हात पसरून उभा राहिला. जितेंद्रला वाटलं, म्हातारा गाडीला मिठी मारतोय. "पसंद आयी ना अंकल!" म्हणून त्याने तिथल्या तिथे चहा मागवला. गाडी भरली एक वांव आणि वर चार बोटं.

मग बॉस्कोने गल्ली मोजली. क्रुसापाशी हात पसरले, बसतेय. हातपंपापाशी पसरले, बसतेय. अख्ख्या गल्लीत एकच जागा मोजायची राहिली, पास्कोलच्या पायरीची. गल्लीच्या तोंडाशी पास्कोलचं घर. त्याच्या तीन दगडी पायऱ्या खाली गल्लीत उतरायच्या आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर पास्कोल जाळं विणत बसलेला असायचा. तिथे मोजायचं म्हणजे पास्कोलच्या नाकासमोर दोन्ही हात पसरून उभं राहायचं. गावाला वाटलं असतं, हा गळ्यात पडायला आलाय. तेव्हा बॉस्कोने पंधरा पावलांवरून एक डोळा मिटून अंदाज घेतला आणि स्वतःला सांगितलं, बसेल.

नाही बसली. आठ बोटं कमी पडली. गाडी आणली त्या दिवशी नाक पायरीपाशी अडलं आणि गाडीतले सगळे सेन्सर एकदम टी-टी-टी करून बोंबलायला लागले. पोरंटोरं, बायका, कुत्री, सगळी गल्ली बाहेर आली. पायरीवर पास्कोल बसलेलाच होता. त्याने मान वर केली नाही, पाय मात्र जरा आत घेतले. बॉस्कोला तिथून किनाऱ्यापर्यंत उलटं जावं लागलं, आणि गाडी शेवटपर्यंत टी-टी करत राहिली.

पास्कोल म्हणजे बॉस्कोचा सख्खा थोरला भाऊ, सात वर्षांनी मोठा. दोघांची घरं एकाच गल्लीत, आणि बोलणं बारा वर्षं बंद. आई गेली तेव्हा दोघांनी शवपेटी खांद्याला खांदा लावून नेली, पण एक शब्द नाही. त्याचं कारण गावाला तोंडपाठ होतं. बापाची 'स्टेला' नावाची बोट पास्कोल चालवायचा. तिच्यावर बापानेच बसवलेलं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. बारा वर्षांपूर्वी बॉस्को सुट्टीवर आला असताना ते बंद पडलं आणि पास्कोलने भावाला किनाऱ्यावर बोलावून विचारलं, "बगतस काय रं जरा?" बॉस्कोने तासभर बघितलं आणि मग हात पुसत सगळ्यांसमोर सांगितलं, "भंगार हाय. जुनी मशीन सांभालनारा मालक नसतो, मशीनचा नोकर असतो. मी न्हाय हात लावनार." पुढच्या आठवड्यात तो विमानात बसून गेलाही. पास्कोलने दहा दिवस खपून इंजिन एकट्याने चालू केलं आणि ते आजतागायत चालू होतं. रोज सकाळी हँडल एकदाच फिरायचं आणि खाडखाड करत 'स्टेला' निघायची. बॉस्को खिडकीत चहा पीत ते ऐकायचा आणि चहा गार व्हायचा.

आता गाडी दारात येईना, म्हणून ती किनाऱ्यावर लागली. बोंबील वाळत घालायच्या वलांड्यांच्या बाजूला मोकळं मैदान होतं, तिथे. खारा वारा गाडीच्या अंगावर चोवीस तास. बॉस्कोला मिठाचं भय चांगलं ठाऊक होतं. त्यावर उपाय त्याला बापाने शिकवलेला एकच माहीत होता. बोटीच्या पोटाला लावतात ते माशाचं तेल. त्याने दोन डबे आणले, चटईवर उताणा झोपला आणि जर्मन गाडीचं सगळं पोट ब्रशने मन लावून माखून काढलं.

दुसऱ्या दिवशी पालीतली झाडून सगळी मांजरं गाडीखाली जमली. तिसऱ्या दिवशी उत्तनचीही आली असावीत, कारण एवढी मांजरं पालीत नव्हतीच. बॉस्को दार उघडायचा, धप् करून लावायचा, आणि मांजरं ढिम्म हलायची नाहीत. "साहेबाला जेट्टीवर दोन माणसं सलाम ठोकायची," तो सांगायचा, "मला बावीस मांजरं ठोकतात."

मांजरं परवडली. पुढे गाडीनेच रंग दाखवायला सुरुवात केली. या जातीची गाडी स्प्रिंगवर नाही, हवेवर उभी राहते. चाकांवर रबराच्या पिशव्या असतात. त्या खाऱ्या हवेत एकेक करून हवा सोडायला लागल्या. सकाळी बघावं तर गाडी मागचे पाय दुमडून बसलेली. चालू केली की घरघर करत पाच मिनिटांनी उभी राहायची, आणि तोवर बॉस्को बाजूला हाताची घडी घालून, जणू हे असंच असतं, असा चेहरा करून थांबायचा. काचा पावसात उतरायच्या आणि उन्हात चढायच्या. समोरच्या पडद्यावर रोज नवीन दिवा लागायचा. कार्मिन म्हणायची, "आपल्या चर्चच्या फेस्तालाही एवढी लायटिंग नसते."

एकदा ठाण्याला लग्नाला निघाले. चेण्याच्या पुलाच्या अलीकडे गाडीच्या काय मनात आलं देव जाणे, ती सायकलच्या वेगाने चालायला लागली. बॉस्कोने अॅक्सिलरेटर पार जमिनीला टेकवला तरी नाही. पडद्यावर लिहून आलं, जवळच्या सेवा केंद्रात जा. जवळ केळीच्या बागा होत्या आणि एक रसवंती. शेवटी कार्मिन जरीची साडी सावरत पाण्याच्या टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी चढून घरी आली. तिने आठवडाभर काही म्हटलं नाही. ती बोलली असती तर बॉस्कोला बरं वाटलं असतं.

काशिमिऱ्याला निकेत नावाचा मेकॅनिक होता, या गाड्यांतला जाणकार. बॉस्को आयुष्यभर कानाने इंजिन तपासत आलेला. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर, मूठ कानाला, की आत कुठला बेअरिंग रडतोय ते सांगायचा. इथे बॉनेट उघडलं तर वर सगळं प्लॅस्टिकचं झाकण. त्याने त्यावरच स्क्रूड्रायव्हर टेकवला. निकेतने मान वळवून हसू गिळलं आणि लॅपटॉपची वायर जोडली. "काका, गाडीला वाटतंय की तिचं एक दार उघडंय," तो म्हणाला.

"चारही बंद आहेत."

"हो, पण तिला पटत नाहीये."

मग गाडी वर उचलून त्याने खाली बॅटरी मारली आणि ओरडलाच, "काका, खालून तर शोरूममधून आल्यासारखी आहे! कुठे गंज नाही!" बॉस्कोने महिनाभर हे वाक्य मिरवलं. म्हणायचा, "माझी गाडी जगातली सगळ्यांत भारी आहे, फक्त उलटी करून बघायला पाहिजे."

किनाऱ्यावर जुनी मशीन राखत बसलेल्या माणसाला गाव थोडंच सोडणार? "मेस्त्री, आज नोकरीवर वेलेत आलास," असं कुणीतरी म्हणायचंच. बॉस्को त्याच्याही पुढे जायचा. घरातून निघतानाच ओरडायचा, "चला, ड्युटीवर चाललो. मालकीण खाली बसलीय, उठवायला पाहिजे." हसता हसता तो तिरक्या डोळ्याने पायरीकडे बघायचा. पास्कोल विणत असायचा. तो कधी हसला नाही.

एप्रिलच्या शेवटी गावातल्या जाणत्यांनी निरोप दिला. जूनपासून मासेमारी बंद, मे संपायच्या आत सगळ्या बोटी ओढून मैदानात येणार. ती जागा बोटींची. गाडी हलव. त्यातही गाडी उभी होती ती नेमकी 'स्टेला'ची जागा.

बॉस्कोने भाईंदर पूर्वेला कार्मिनच्या मावसबहिणीच्या सोसायटीत गाडी ठेवून बघितली. चौथ्या दिवशी सेक्रेटरी धर्मेशभाईंचा फोन आला. माणूस सज्जन, आवाज अगदी नरम. "अंकल, बुरा मत मानना. आप की गाडी में से मच्छी की बास आती है. पूरी बिल्डिंग व्हेज है. आज लिफ्ट में तीन बिल्ली थी." बॉस्कोने माफी मागितली आणि गाडी परत किनाऱ्यावर आणली.

त्या संध्याकाळी कार्मिनने ताट वाढलं आणि समोर बसली.

"पायरी आट बोटं तासली तं गारी दारात येल," ती म्हणाली. "दारात छप्पर हाय. हितं पावसालाभर किनाऱ्याव ठेवलीस तं ऑगस्टात नुसतं दार उरंल धप् करायला. जा, पास्कोल दादूसला इचार."

"तो न्हाय म्हनंल."

"मंग न्हाय म्हनंल. इचार तं. बारा वर्सं झाली बॉस्को. तो आता सहासष्टचा हाय. एकदा खोकला की अर्धा घंटा खोकतो, मला आपल्या घरात ऐकू येतं. कोनाची वाट बगतस?"

बॉस्कोने विनोद करायला तोंड उघडलं. "ताट उचल," म्हणून कार्मिन उठून गेली.

आता ती गोष्ट सांगायला हवी, जिच्यावर बॉस्को कधी हसला नव्हता. बारा वर्षांपूर्वी किनाऱ्यावर त्या इंजिनपुढे तो तासभर बसला, तेव्हा त्याला काहीच समजलं नव्हतं. काही म्हणजे काहीच नाही. टगबोटींची इंजिनं घराएवढी, पण त्यांच्याबरोबर जाडजूड पुस्तकं यायची. पान उघडायचं आणि तसं करायचं. बापाचं इंजिन बापाने स्वतः घडवलेलं होतं, चार इंजिनांचे भाग जमवून. बापाने ते पास्कोलला शिकवलं, बॉस्कोला नाही. साधा पंप सोडवायला गेला तर पंपसुद्धा सुटेना. भोवती तीस माणसं उभी, आखातातला मेस्त्री काय करतो ते बघत. घामाने त्याचा शर्ट भिजला. आणि मग त्याच्या तोंडून ते वाक्य आलं, मालक आणि नोकराचं. चांगलं दणदणीत वाक्य होतं, लोकांनी लक्षातही ठेवलं. आपल्याला येत नाही, एवढंच सांगायचं होतं. ते त्याला जमलं नाही, आणि त्यात त्याचा भाऊ दुरावला.

पायरी मागायला जायचं तर हे सांगावंच लागणार होतं. दुसऱ्या कशाने पास्कोलच्या समोर उभं राहता आलं नसतं. चार दिवस तो गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आला. पाचव्या दिवशी त्याने जितेंद्रला फोन केला. जितेंद्र म्हणाला, "अंकल, ले जाता हूँ. सोमवार को टोइंग भेजता हूँ." भाव त्याने असा सांगितला की बॉस्कोने फोन कानापासून दूर धरून एकदा बघितला. तरी हो म्हणाला. भावाशी बोलण्यापेक्षा त्याला गाडी विकणं सोपं वाटलं.

सोमवारी टोइंग आलं नाही. आली ती दुपारची मोठी भरती, आणि भरतीबरोबर 'स्टेला'.

बोट ओढायचा एक रिवाज पालीत कुणाला शिकवावा लागत नाही. बोट किनाऱ्याला लागली की जो कुणी नजरेत असेल त्याने दोराला हात लावायचा. कुणी बोलवत नाही. कुणाचं कुणाशी वाकडं आहे ते त्या वेळी बघत नाहीत. भरती उतरायच्या आत बोट वर यायला हवी. बॉस्कोला हे माहीत असल्यामुळेच गेल्या वर्षी या दिवशी त्याला वसईला फार महत्त्वाचं काम निघालं होतं. या वर्षी मात्र तो गाडीत अडकला होता. गाडी चालू होईना. बॅटरी मेलेली, चारही पिशव्या रिकाम्या, पोट वाळूला टेकलेलं आणि हँडब्रेक विजेवरचा, म्हणून चाकं जाम.

खाली पाण्यात 'स्टेला' हेलकावे खात होती. दोर वर आला होता, चाळीस माणसं उभी होती, तेलकट फळ्या अंथरून तयार होत्या. आणि फळ्यांच्या टोकाला, नेमकी बोटीच्या जागेवर, बॉस्कोची काळी गाडी वाळूत बसली होती. आधी कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळा किनारा हसायला लागला.

"मेस्त्री, तिला हॉर्न तरी मारायला सांग!"

"हॉर्नला पण वीज लागते," बॉस्को आतून ओरडला. काच उतरत नव्हती, त्यामुळे ते कुणाला ऐकूच गेलं नाही. दार उघडून बाहेर यावं लागलं.

पास्कोल पाण्यातून वर आला. लुंगी गुडघ्यापर्यंत ओली. तो गाडीला एक फेरी मारून मागे थांबला, खोकला, मग वाकून त्याने गाडीखाली हात घातला, बोटावर आलेलं तेल नाकाशी नेलं आणि वास घेतला.

"तेल कोनी लावलं?" त्याने विचारलं.

बारा वर्षांनंतरचे हे पहिले तीन शब्द. "मीच," तो म्हणाला.

"बरं लावलंस," पास्कोल म्हणाला. मग वळून माणसांना ओरडला, "बगतव काय? हिला पयली ओढा! फल्या हिच्या खाली घाला, बोटीसारखीच ओढा! पानी उतरंल!"

आणि खरंच त्यांनी तसंच केलं. गाडी एका बाजूने उचलून फळ्या सरकवल्या, पुढच्या आकड्यात बोटीचा जाड दोर घातला, आणि चाळीस माणसांनी "हय्या हो, हय्या हो" करत ती जर्मन गाडी पोटावर घसटत बाजूला काढली. कार्मिन आणि बायकाही दोराला लागल्या. बॉस्को दोराला होता, त्याच्या पुढेच पास्कोल होता. त्याची ओली पाठ आणि मानेवरचा बापासारखा काळा मस बॉस्कोला दिसत होता. गाडी हलली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दोर 'स्टेला'कडे गेला, पुन्हा सगळ्यांनी जोर लावला, आणि भरती उतरायच्या आत तीही वर आली.

काम झाल्यावर सगळे सावलीला बसले. सरबताचे पेले फिरले. बोट आणि गाडी बाजूबाजूला उभ्या होत्या, म्हणजे बोट उभी होती. एक म्हातारा म्हणाला, "बॉस्को, ही दोन भंगारं. आता सांग, मालक कोन आन नोकर कोन?"

चाळीस माथी बॉस्कोकडे वळली. आता हा काहीतरी बोलणार आणि आपल्याला पोट धरून हसायला मिळणार. बॉस्कोकडे विनोद तयारही होता, चांगला होता. त्याने पेला खाली ठेवला.

"दादूस," तो पास्कोलला म्हणाला, "त्या दिवशी मना येत नव्हतं."

"काय?"

"बापसाचं इंजिन. मना कललंच न्हाय. पंपबी सोडता आला न्हाय. सगली बगत व्हती म्हनून भंगार बोललो. इंजिन चांगलं व्हतं, येत नव्हतं ते मना. सगल्यांसमोर खोटं बोललो, तवा सगल्यांसमोर सांगतो. माफ कर."

कुणीच हसलं नाही. मघाचा म्हातारा वाळूत बघायला लागला. कार्मिनने पदराचं टोक तोंडाशी धरलं.

पास्कोलने सरबत संपवलं, पेला झटकला. "मना ठावं हाय," तो म्हणाला.

"कवापासून?"

"त्याच दिशी. पंपाचा नट उलट्या आट्यांचा हाय, बापसाने तसाच बनवलेला. तू सुलटा फिरवत बसलेलास घाम येयेस्तवर. मी तुझ्या बाजूलाच नव्हतो का?"

"मंग बोलायचं ना रं!"

"तू इचारायचं व्हतंस."

"आन बारा वर्सं?"

"मी कुटं जानार व्हतो?" पास्कोल म्हणाला. "तू येशील, 'दादूस, नट कसा सोडायचा?' म्हनून इचारशील, म्हनून हितंच व्हतो. तू रोज येयाचास, लोकांना हसवायचास आन जायाचास."

कार्मिनला राहवलं नाही. "आन दादूस, ती पायरीची आट बोटं?" तिने विचारलं.

"पायरी बापसाची हाय, तिला हात न्हाय लावनार," पास्कोल म्हणाला. "गारी इका."

किनारा खदखदून हसला. बॉस्को सगळ्यांत जास्त हसला, मांड्यांवर हात मारत, आणि हसता हसताच तो रडायला लागला, लहान पोरासारखा, तोंड उघडं टाकून. कार्मिन उठायला लागली, पण पास्कोल आधी उठला. तो 'स्टेला'वर चढला, खालून पाना काढला आणि वाकून भावापुढे धरला.

"ये वर," तो म्हणाला. "दाखवतो कनच्या बाजूला फिरवायचा."